वाढत्या अंगाचं राजवस्त्र

एका राज्यात, ज्याचं नाव मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारूही नका, माणसं चांगली होती, पिकं बरी होती आणि राजकन्या ठेंगणी होती. ठेंगणी म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नका. तिच्यासमोर तो शब्द कुणी कधी काढलाच नाही, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली. तिचं नाव शशिलेखा. चंद्राची कोर कलेकलेनं वाढते तशी लेक वाढेल, म्हणून आईनं हौसेनं ठेवलेलं नाव. लेक शहाणी निघाली, घोड्यावर मांड ठोकून बसू लागली, दोन गावांची पाण्यावरून जुंपलेली भांडणं एका बैठकीत मिटवू लागली. उंची मात्र तेराव्या वर्षी जी थांबली, ती थांबलीच.

त्या राजघराण्यात माणूस मोजायची एक चंदनाची काठी होती. पणजोबा वज्रबाहू महाराज म्हणजे ताडमाड पुरुष. त्यांच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी त्या काठीवर उतरवून घेतलेली होती, आणि राजघराण्यात ‘हात’ म्हणायचं ते तिलाच. माणसाचा देह साडेतीन हातांचा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. शशिलेखा त्या काठीनं भरे दोन हात आणि नऊ बोटं. दर वाढदिवसाला तिला भिंतीशी उभी करायचं, दर वाढदिवसाला दोन हात नऊ बोटंच भरायची, आणि राणी मालावती काठी खाली ठेवून म्हणायची, “अजून वाढेल.”

साहजिकच तिचे कपडे शिवले जात ते वाढत्या अंगाचे. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. तुमचाही शाळेचा पहिला सदरा गुडघ्यापर्यंत आला असेल, आणि तो अंगाला नीट बसेपर्यंत कोपरावर फाटला असेल. पण आपलं अंग निदान वाढत तरी होतं. शशिलेखा वीस वर्षांची झाली तरी बाह्यांना तीन घड्या घालून हात बाहेर काढायची, परकराचा घेर दोन्ही मुठींत धरून जिना उतरायची, आणि खांद्याची शिवण तिच्या दंडावर लोंबत असायची. दरबारी लोक फार सज्जन. कुणी हसायचं नाही. ती उंबऱ्याला अडखळली की सगळे एका सुरात म्हणत, होईल हो, अजून वाढतील राजकन्या. तिला त्याचा संताप येई, आणि इतक्या भल्या माणसांवर संतापले म्हणून स्वतःचीच लाज वाटे.

आता त्या राजवस्त्राची गोष्ट ऐका. राजकन्या सात वर्षांची असताना राजा देवाघरी गेला आणि राणीनं राज्य सांभाळायला घेतलं. लेक एकविसाव्या वर्षी गादीवर बसेल, तेव्हाचं वस्त्र आताच शिवून ठेवावं, म्हणून तिनं डोंगरापलीकडून कर्तरीनाथाला बोलावणं धाडलं. हा कर्तरीनाथ शिंपी होता आणि मांत्रिकही होता. त्याच्या हातचा पोशाख घातला की म्हातारा ताठ चाले आणि मुखदुर्बळ माणूस सभेत बोले. तो आला, वहाणा दारात काढल्या, गळ्यातली दोरी हातात घेतली आणि म्हणाला, “माप घेऊ द्या.”

राणी म्हणाली, “माप कशाला? अजून वाढेल ती. वाढत्या अंगाचं शिवा.”

काय म्हणावं या बाईला. वैद्याला नाडी कशाला म्हणू नये, पुजाऱ्याला घंटा कशाला म्हणू नये, आणि शिंप्याला माप कशाला म्हणू नये. कर्तरीनाथानं पुन्हा दोरी पुढे केली. राणीनं ती पुन्हा हसत बाजूला सारली. मग तो म्हणाला, ठीक आहे, वाढत्या अंगाचं. तीन दिवसांत त्यानं वस्त्र शिवून दिलं आणि पेलाभर पाणीही न पिता चालता झाला.

आणि त्या वस्त्राला खरोखरच वाढतं अंग होतं. पहिल्या वर्षी ते खुंटीवरून जमिनीला टेकलं. पुढं त्याला स्वतंत्र दालन द्यावं लागलं. राजकन्या विशीत आली तोवर त्यानं तीन दालनं भरली होती. एक बाही खिडकीतून उतरून बागेतल्या हौदापर्यंत पोचली होती आणि माळी तिला वळसा घालून झाडांना पाणी घालत. धुवायला नदीवर न्यायचं तर दोन हत्ती जुंपावे लागत. त्याला काठ चार वीत रुंद, बुट्टा परातीएवढा, आणि रंग तर असे की एका रंगाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. राणी मात्र खूश होती. वस्त्र वाढतंय म्हणजे लेकही वाढणार, शकुन चांगला आहे, असं ती येईल त्याला सांगे.

राज्याभिषेकाला एक महिना उरला तेव्हा शशिलेखा एका सकाळी त्या वस्त्राची धूळ झटकत होती. तर गळ्याच्या चुणीतून एक पाखरू बाहेर आलं. शिंपी पाखरू होतं ते, पानाला पान शिवून घरटं करतं ना, तेच. चिमणीच्या निम्मंसुद्धा नव्हतं, पण शेपूट अशी वर धरलेली की सेनापतीनं सलाम ठोकावा. पाखरू म्हणालं, “राजकन्ये, हे वस्त्र तुला गिळणार आहे. तुला कुणी सांगितलं का?”

शशिलेखा म्हणाली, “नाही. सांग.”

पाखरानं सगळं सांगितलं. कर्तरीनाथानं शेवटचा टाका घालताना जे शब्द पुटपुटले, ते त्यानं खिडकीत बसून ऐकले होते. हे वस्त्र, जितक्या वेळा कुणी राजकन्येला ‘अजून वाढेल’ म्हणेल, तितकी बोटं वाढेल. राज्याभिषेकाच्या दिवशी ते तिच्या मापाचं असलं तर राज्य तिचं. तिच्याहून मोठं असलं तर राज्य वस्त्राचं. गादीवर वस्त्र बसेल, हुकूम वस्त्र सोडेल. आत ती असेल, पण कुणाला दिसणार नाही, ऐकू येणार नाही, पुन्हा कधीच नाही. आणि लपून बसलीस तर ते तुला शोधत येईल, असंही पाखरानं सांगितलं.

शशिलेखा तशीच आईकडे गेली. राणीनं ऐकून घेतलं, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, पाखरांचं काय ऐकतेस, अजून वाढशील तू. त्याच क्षणी तीन दालनांत सळसळ झाली आणि बागेतल्या माळ्यानं ओरडून सांगितलं की बाही हौदात पडली. राजकन्येला जे कळायचं ते कळलं. तिला फार एकटं वाटलं.

पाखरू म्हणालं, “तीन गोष्टी लागतील. उभ्या धारेचा दोरा, कर्तरीनाथाची कात्री आणि खरं माप. सुई माझ्या चोचीला आहे.”

मग ती निघाली, पण महालाच्या पायरीवरच परकरात पाय अडकून पडली. पाखरू तिच्या डोक्याभोवती दोन घिरट्या घालून म्हणालं, अशानं आपण पोचू तेव्हा तुझ्या नातवंडांचा राज्याभिषेक असेल. कासोटा घाल. शशिलेखानं परकर टाकला, दासीचं साधं एकरंगी लुगडं मागून घेतलं, कासोटा घातला, पदर कमरेला खोचला आणि चालायला लागली. जन्मात पहिल्यांदा तिचे हात मोकळे होते. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं नाही. त्याला वाटलं, कुणी उंचशी बाई झपझप निघाली आहे. हे त्यानं पुढं स्वतः कबूल केलं.

दोन दिवसांच्या वाटेवर एक झरा कड्यावरून सरळ खाली पडत होता. तिथं एक यक्षिणी राहत होती. झऱ्याच्या काठी तिनं दोन दगडी राण्या उभ्या केल्या होत्या. एकीच्या अंगावर खांद्यापासून पावलापर्यंत उभ्या रेघांचं वस्त्र, दुसरीच्या अंगावर रुंद आडवे पट्टे आणि कमरेला जाडजूड शेला. यक्षिणी येणाऱ्याला एकच विचारी, या दोघींत उंच कोण? उत्तर चुकलं की बेडूक. काठावर साठसत्तर बेडूक बसलेले होते, आणि राजकन्येला मदत म्हणून सगळे मिळून ओरडत होते, उभ्या रेघांची, उभ्या रेघांची.

शशिलेखानं पाहिलं. उभ्या रेघांची राणी खरंच वीतभर उंच दिसत होती. पण कपडा माणसाचं काय काय करतो हे या मुलीला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती पुढं झाली, आपला हात कोपरापासून बोटापर्यंत मूर्तीला लावला, आणि हातावर हात ठेवत दगडावर चढत वरपर्यंत मोजलं. एक मूर्ती सात हात. दुसरीही सात हात.

“दोघी सारख्या आहेत,” ती म्हणाली.

यक्षिणीनं विचारलं, “कोणाच्या हातानं मोजलंस?”

“माझ्याच. दुसऱ्या कुणाचा आणू?”

यक्षिणी इतकी हसली की झरा क्षणभर हलला. ती म्हणाली, हे बोललीस ते विसरू नकोस. मग तिनं सांगितलं की माणसाचा डोळा रेघेच्या मागं जातो. रेघ उभी दिली तर तो वर चढतो, आडवी दिली तर मधेच घुटमळतो. तिनं झऱ्याच्या धारेत हात घालून पाण्याचा दोरा ओढून काढला, गुंडाळी करून राजकन्येच्या हातावर ठेवला. दोरा ओला होता पण तुटत नव्हता. बेडूक पुन्हा माणसं झाले. त्यांतले काही घरी जातानाही उभ्या रेघांचीच उंच असं म्हणत होते. काही माणसं सुधारत नाहीत.

पुढं तीन दिवसांवर एक खिंड होती आणि खिंडीत ताडजंघ नावाचा राक्षस अडून बसला होता. ताडाएवढा उंच, दरवाजाएवढे कान, आणि अंगात काय, तर तान्ह्या बाळाचं झबलं. झबलं राक्षसाच्या बाळाचं होतं म्हणून निदान छातीपर्यंत येत होतं, पण काखेत असं काचत होतं की शंभर वर्षांत त्यानं पुरता श्वास घेतला नव्हता. श्वास कोंडलेला माणूस चिडतो, इथं तर राक्षस. वाटसरू दिसला की तो दरडी लोटे. कर्तरीनाथाची कात्री त्याच्या जटेत खोवलेली होती. शिंपी एकदा कणव येऊन त्याला नवा पोशाख शिवायला आला होता. त्यानं झबल्याला कात्री लावताच राक्षसानं ती हिसकावून घेतली आणि त्याला हाकलून दिलं.

शशिलेखा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं दरड उचलली. ती म्हणाली, “झबलं फार काचतंय का?”

शंभर वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दरड खाली ठेवली. मग कण्हत कण्हत सांगितलं की झबलं आईनं शिवलेलं आहे. तो मोठा होत गेला, झबलं दाटायला लागलं, की आई म्हणे, अजून होतंय की तुला, फाटलंय कुठं. मग आई गेली. आता हे झबलं कुणी कापलेलं त्याला खपणार नव्हतं.

एकीला सगळं ढगळ, एकाला सगळं दाटलेलं, आणि कारण दोघांचं आईच. शशिलेखाला हसू आलं आणि रडूही आलं. ती म्हणाली, “कापत नाही. नुसतं उसवते.” अंबाड्यातला आकडा काढून ती त्याच्या खांद्यावर चढली आणि काखेची शिवण एकेक टाका करून उसवू लागली. पाखरू दुसऱ्या बाजूनं चोचीनं उसवत होतं. टाके सुटले आणि आतून कापड बाहेर आलं. एक घडी, मग दुसरी, मग तिसरी. त्या राक्षसिणीनं प्रत्येक शिवणीच्या आत चार चार हात कापड दुमडून ठेवलं होतं, लेक मोठा होईल तेव्हा सोडायला. सोडायच्या आधीच तिचा काळ झाला, आणि आत काय आहे हे कुणी उसवून पाहिलंच नाही.

ताडजंघानं श्वास घेतला. खिंडीतली धूळ एका दमात त्याच्या नाकात गेली आणि तो शिंकला, तसा खिंडीचा रस्ता साफ झाला. मग तो गुडघ्यात डोकं घालून बराच वेळ रडला. रडून झाल्यावर त्यानं जटेतली कात्री काढून राजकन्येच्या हातात दिली आणि सांगितलं, “ही खोट्या मापावर चालत नाही. जपून ठेव.” तिनं त्याला राज्याभिषेकाचं आमंत्रण दिलं. तो म्हणाला, काय घालून येऊ? ती म्हणाली, हेच, आता होतंय की तुला.

आता उरलं माप. डोंगराच्या माथ्यावर एका प्रचंड वडाखाली कर्तरीनाथाचं दुकान होतं. पारंब्यांवर कपडे टांगलेले, प्रत्येकाच्या आत वारा भरून तो जणू कुणी घातलाच आहे असा उभा. कर्तरीनाथ म्हातारा झाला होता. बोटात अंगुस्ताना, ओठांत दोन सुया. राजकन्येनं कात्री समोर ठेवली, दोरा ठेवला, आणि शाप मागं घ्या म्हणून विनवलं.

त्यानं ओठांतल्या सुया काढून उशीला टोचल्या. “मी शाप दिला नाही. गिऱ्हाईकानं सांगितलं तसं शिवलं.”

मग त्यानं तिला वळवून वळवून पाहिलं, आणि चौदा वर्षं पोटात साठलेलं बोलला. खांद्याची शिवण खांदा संपतो तिथं हवी. दंडावर आली की माणूस घरंगळल्यासारखा दिसतो. बाही मनगटाशी थांबावी, हाताचं काम दिसावं. चार बोटं काठ उंचाला शोभतो, हिला एक बोट पुरे. बुट्टी बारीक हवी. वरपासून खालपर्यंत एक रंग, मधे तोडायचा नाही. गळा जरा खोल, म्हणजे मान दिसते. आणि घोट्याच्या वर दोन बोटं मोकळी, म्हणजे पाऊल टाकता येतं. यात जादू कसलीच नाही, तो म्हणाला, समोर उभ्या माणसाकडे बघून शिवायचं, एवढंच आहे. हे बोलताना त्याचा आवाज दुखावलेला होता. शशिलेखाला त्याचा राग येत होता तोही तिथंच निवला.

“माझं माप घ्या,” ती म्हणाली.

“आता नाही चालायचं. ज्या तोंडानं माप नाकारलं, त्याच तोंडानं ते सांगितलं पाहिजे. खरं माप. भर दरबारात.”

राज्याभिषेकाच्या दिवशी सकाळी ती कात्री आणि दोरा घेऊन परतली. सगळं नगर महालापुढं लोटलं होतं. ती अजून चौकातच होती तेवढ्यात तिन्ही दालनांची दारं उघडली आणि राजवस्त्र स्वतःच्या पायांनी, म्हणजे पाय नव्हतेच, घेरानं चालत बाहेर आलं. दोन्ही बाह्या पसरून ते तिच्याजवळ आलं आणि तिच्या अंगावर चढलं. लोकांना दिसलं ते एवढंच की राजकन्या गेली कुठं. मग गळ्यातून तिचं डोकं वर आलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि भली माणसं, सवयीनं, एका तोंडानं बोलून गेली, “असू दे, अजून वाढतील राजकन्या.”

हजार तोंडं, हजार बोटं. वस्त्र फुगलं. चौक भरला, पायऱ्या झाकल्या, आणि गळा तिच्या हनुवटीपर्यंत आला. सिंहासनावर एक बाही आधीच जाऊन बसली.

शशिलेखा ओरडली नाही. ती म्हणाली, “आईसाहेब, माझं माप सांगा.”

राणीनं लेकीचे डोळे पाहिले. पाखराचं बोलणं तिला आता आठवलं, आणि ती जी घाबरली ती सांगायची सोय नाही. चंदनाची काठी घेऊन ती त्या कापडाच्या डोंगरावरून रांगत लेकीपाशी गेली, आत शिरून मोजलं आणि म्हणाली, “दोन हात नऊ बोटं.” राजकन्येनं कात्री चालवली. कात्री मिटेना. वस्त्र ओठांपर्यंत आलं. राणीनं पुन्हा मोजलं. पुन्हा दोन हात नऊ बोटं, आणि कात्री जागची हलेना.

तेव्हा राजकन्येला झऱ्याकाठचं बोलणं आठवलं. मान उंचावून, ओठ मोकळे करून ती म्हणाली, “ही काठी पणजोबांचा हात आहे, आई. माझ्या हातानं मोज.”

आईसाहेबवरून ती आईवर आली, तशी राणीनं काठी टाकून दिली. कापडातून चाचपत तिनं लेकीचा हात शोधला. तिच्या मुठीतला उभ्या धारेचा दोरा कोपराशी धरला, मधल्या बोटाच्या टोकाशी गाठ मारली, आणि त्या दोऱ्यानं लेकीला पावलापासून मोजत वर आली. एक. दोन. तीन. आणि वर अर्धा, बरोबर टाळूशी.

आता जे बोलायचं होतं ते सोपं नव्हतं. चौदा वर्षं ज्या आशेवर ती रोज उठत होती, ती तिला सगळ्या नगरासमोर खाली ठेवायची होती. वस्त्र लेकीच्या नाकाला टेकलं. राणी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “साडेतीन हात. माझी लेक पुरती वाढली आहे. आता वाढायची नाही, आणि वाढायची गरजही नाही.”

कात्री आपोआप चालू लागली. चरचर आवाज झाला आणि भला थोरला घेर गळून पडला. काठ गेले, परातीएवढे बुट्टे गेले, सिंहासनावरची बाही निमूट खाली उतरली. मधे शशिलेखा उभी होती, दासीच्या लुगड्यात, घामाघूम. लोक तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं रोज बघत होते आणि आज कुठं दिसली.

दुपारचा मुहूर्त पुढं ढकलला. चौकातच बैठक घातली. पाखरानं चोचीनं टाके घातले, राणीनं स्वतः सुई हातात घेतली. दिवस कलायच्या आत राजवस्त्र तयार झालं. एकच गर्द निळा रंग, गळ्यापासून घोट्यापर्यंत एक उभी सोनेरी रेघ, एक बोट काठ, शिवण खांद्यावर जिथल्या तिथं. शशिलेखा सिंहासनाच्या सहा पायऱ्या चढली. एकदाही खाली बघितलं नाही, घेर मुठीत धरला नाही. सिंहासन पणजोबांचं असल्यामुळं तिचे पाय लोंबकळले, तेव्हा तिनं पहिला हुकूम सोडला तो पायाखाली चौरंग आणायचा. चौरंगावर पाय टेकवून तिनं दुसरा हुकूम सोडला की आजपासून राज्यात ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या हातानं मोजावं. चंदनाची काठी उगाळून देवाला वाहिली. प्रधान म्हणाला, महाराणी आज किती उंच दिसतात. ती म्हणाली, “उंच नाही, प्रधानजी. दिसते आहे, एवढंच.”

तेवढ्यात वेशीबाहेर एक शिंक ऐकू आली आणि ताडजंघ आत आला. कापलेल्या कापडाचा ढीग त्याच्या कमरेपर्यंत होता. अख्ख्या नगराला नवे कपडे शिवले असते, तरी त्याच्यापुरतं उरलं असतं. राणी मालावती सुई घेऊन त्याच्यासमोर गेली, डोकं मागं टाकून त्याच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, कसं शिवू रे तुला? राणीच्या तोंडून आता कोणता शब्द निघतो, याची सगळ्यांना धास्ती होती.

राक्षस म्हणाला, “मापाचं शिवा, आई. पण आत थोडं कापड सोडा.”

राणीनं मान खाली घातली आणि दोरा ओवायला घेतला. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे दोरा काही केल्या सुईत जाईना. शेवटी पाखरानं ओवून दिला.

कर्तरीनाथालाही निरोप गेला. तो आला, माप घेऊनच बसला, आणि यावेळी पाणी प्याला. राज्य नीट चाललं.

पुढं एकदा धुणं वाळत घालताना शशिलेखानं आपलं राजवस्त्र उलटं केलं. बाहेरून ते तिच्या मापाचं होतं, केसभरही कमीजास्त नाही. आत मात्र दुमडीत, बारीक टाक्यांनी, दोन बोटं कापड गुपचूप ठेवलेलं होतं. टाके पाखराचे नव्हते. तिनं ते पाहिलं, बोटानं चाचपलं, आणि कुणाला काही न सांगता वस्त्र पुन्हा सुलटं केलं. ते दोन बोटं कापड शेवटपर्यंत तसंच राहिलं, तिनं कधी उसवलं नाही.

झाली गोष्ट. गाठ मारली, दोरा दातानं तोडला. ज्याला बसली त्यानं घालावी, ज्याला ढगळ झाली त्यानं माझ्याकडे आणावी, कापून देईन.